मज्जासंस्थेवरचे विष आणि पेशीच्या ऊर्जेवरचे विष: कांद्याच्या गोंड्यांवरील मधमाशी

खानदेशात बियाण्यासाठी कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याला डेंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, गोंडे फुलले की मधमाशीची सर्वाधिक गरज भासते, कारण कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पक्व होतात, स्त्रीकेसर नंतर, आणि त्यामुळे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच. फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल आणि करपा या बुरशीजन्य रोगासाठी ॲझॉक्सिस्ट्रोबिन यांची फवारणी अनेकदा याच सुमारास होते. पहिले कीटकनाशक, म्हणून मधमाशीला घातक. दुसरे बुरशीनाशक, म्हणून निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

फिप्रोनिल मज्जासंस्थेवर काम करते. चेतापेशींना शांत करणाऱ्या क्लोराइडच्या वाटा ते बंद करते, त्यामुळे चेतापेशी उत्तेजितच राहतात. माशी थरथरते, तिला झटके येतात आणि ती मरते. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा खच पडला की मधपाळाला संशय लगेच येतो.

ॲझॉक्सिस्ट्रोबिनचे लक्ष्य पेशीतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे पेशीसाठी ऊर्जा तयार करणारे भाग, हे आहे. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन तेथे प्रथिनांच्या संकुलांमधून ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. या प्रवासात पटलापलीकडे ढकलले गेलेले प्रोटॉन परत येताना एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू तयार होतो, आणि पेशीची जवळजवळ सारी कामे त्यावरच चालतात. हे बुरशीनाशक तिसऱ्या संकुलाला चिकटून तो प्रवाह अडवते. बुरशी त्यामुळे मरते खरी, परंतु तिसरे संकुल मधमाशीच्या पेशीतही आहे. सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवणाऱ्या, आणि पोळ्यातील पिल्लांना ३४ ते ३६ अंश सेल्सियसवर उबदार ठेवण्यासाठी तेच उड्डाण-स्नायू वापरणाऱ्या या कीटकाला एटीपीची तूट परवडणारी नाही. अशी तूट पडली तर माशी जागेवर मरेलच असे नाही. तिचे उडणे कमी होईल, आणि मेलेल्या माश्या मोजणाऱ्याला त्यातले काहीच दिसणार नाही.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्याच वर्गातील पायराक्लोस्ट्रोबिन आणि वेगळ्या वर्गातील बॉस्कॅलिड या बुरशीनाशकांच्या मिश्रणाने वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांचे कार्य मंदावले, मात्र ते मिश्रण खाल्लेल्या माश्यांच्या उड्डाणातील ऊर्जावापरात घट आढळली नाही. मात्रेला फार महत्त्व आहे, असेच यावरून दिसते.

उलट बाजूने पाहिले तर दोन विषांमधली सीमाही पुसट होते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही मज्जासंस्थेवरची विषेसुद्धा मधमाशीच्या तंतुकणिकांचे कार्य दाबतात. म्हणजे कपाशीवर रसशोषक किडींसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड दोन्ही वाटांनी माशीपर्यंत पोहोचू शकते. शिवाय ॲझॉक्सिस्ट्रोबिनसोबत अनेक उत्पादनांत टेब्युकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक असते, आणि त्याच्या वर्गातील बुरशीनाशके माशीची विष निष्प्रभ करण्याची क्षमता घटवू शकतात. कीटकनाशकाबरोबर एकाच पंपात मिसळण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

डब्यावरील रंगीत त्रिकोणावरून मधमाशीविषयी काही ठरवू नये. तो रंग प्रामुख्याने उंदरांवरील तीव्र विषारीपणाच्या चाचण्यांवरून ठरतो, त्यामुळे हिरवा त्रिकोण माशीच्या सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारले तर औषध थेट अंगावर पडणे टळते, पण परागातून पोळ्यात साठणारा अंश टळत नाही. म्हणून करप्याची फवारणी शक्यतो गोंडे उमलण्यापूर्वीच उरकावी.