स्वयंचलन, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पुण्यातील रोजगार

माणसाच्या हातचे किंवा डोक्यातले काम यंत्राकडे वा संगणकप्रणालीकडे गेल्यामुळे रोजगाराच्या स्वरूपात होणारा बदल. पुणे परिसरात तो दोन टोकांना एकाच वेळी दिसतो : पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या आयटी कंपन्यांत. दोन्हीकडे अख्खी नोकरी एका फटक्यात सहसा जात नाही. तिच्यातली कामे एकेक करून निघत जातात, आणि कामावर असलेल्यापेक्षा कामाला लागू पाहणाऱ्याची वाट आधी अरुंद होते.

शहराला हा अनुभव नवा नाही. पेठांमधल्या छापखान्यांत एके काळी खिळे (शिशाची सुटी अक्षरे) जुळवणारे कंपोझिटर होते. केसमधल्या खणांतून अक्षर उचलायचे, काना-मात्रा-वेलांटीचे तुकडे जोडायचे, स्टिकमध्ये (हातातल्या छोट्या चौकटीत) ओळ बसवायची आणि उलटा मजकूर सुलटा वाचावा तसा वाचायचा, हे कसब अंगी यायला वर्षे लागत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. भारतीय लिपी संगणकावर आणणारे तिचे जिस्ट तंत्रज्ञान आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ही टंकप्रणाली यांमुळे मराठी मजकूर कीबोर्डवर आला. डीटीपीवाल्याच्या (संगणकावर पाने जुळवणाऱ्याच्या) एका टेबलाने अनेकांचे काम उरकले आणि खिळे मोडीत निघाले. मुद्रितशोधक मात्र टिकला, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक संगणकाला कळत नव्हती. आता मजकूर वाचणारी-लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआय) भाषा-प्रारूपे त्याच्याही टेबलाशी येऊन ठेपली आहेत.

कारखान्यांतले स्वयंचलन जुने आहे आणि ते टप्प्याटप्प्याने आले : साध्या लेथच्या जागी संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी यंत्र, मग पीएलसीवर (कारखान्यातल्या नियंत्रक संगणकावर) चालणाऱ्या लाइन, मग रोबो. मोटारीच्या बॉडी शॉपमध्ये स्पॉट वेल्डिंग रोबो करतो. कामगार पत्रे फिक्श्चरमध्ये (ते जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीत) लावतो, क्लॅम्प बसले की सेन्सर खूण देतो, कामगार कुंपणाबाहेर येऊन बटण दाबतो आणि मगच रोबोचा हात हलतो. वेल्डिंग गन पेलण्याचे, ठिणग्या अंगावर घेण्याचे कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण वेल्डरच्या हातातले ‘सेटिंग’ही गेले. करंट किती, दाब किती, हे आता प्रोग्रॅममध्ये असते, आणि ते बदलण्याचा अधिकार मेंटेनन्सच्या डिप्लोमावाल्याकडे. बजाज ऑटोने २०१० पासून चाकणमध्ये माणसाशेजारी, कुंपणाशिवाय चालणारे ‘कोबॉट’ आणले. ते हलके असून बोल्ट आवळण्यासारखी एकसुरी कामे करतात.

भोसरीच्या गाळ्यांत चित्र वेगळे आहे. जॉबवर्क करणाऱ्या लघुउद्योजकाकडे आज एक पार्ट, उद्या दुसरा. दर थोड्या नगांमागे रोबोचा ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) आणि प्रोग्रॅम बदलत बसणे त्याला परवडत नाही, आणि कंत्राटी माणूस स्वस्तात मिळतो. तिथे बदल येतो तो एकाच ऑपरेटरकडे दोन-तीन मशिने देण्याच्या रूपाने. स्वयंचलनाचा वेग ठरवताना तंत्रज्ञानापेक्षा मजुरीचा दर अधिक बोलतो, हे या चर्चेत फारसे कुणी लक्षात घेत नाही.

आयटीतली गोष्ट गमतीची आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेच काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न पुण्यात फार आधीपासून चालू होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात आराखड्यावरून आपोआप कोड तयार करण्यावर काम झाले आणि त्यातून ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन निघाले. त्या काळात मागणीच इतकी वाढत होती, की कुणाच्या पोटावर पाय आला नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुले झाले, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. ज्या कामांवर फ्रेशर शिकत, म्हणजे चाचणीची प्रकरणे (टेस्ट केस) लिहिणे, जुन्या कोडमधल्या बारीक चुका काढणे, सपोर्टची पहिल्या पातळीची तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करणे, नेमकी तीच कामे ही साधने बरी करतात. पासवर्ड अडकल्याचे तिकीट बॉट सोडवतो. रात्री दोनला सर्व्हर का बसला, हे शोधायला अनुभवी माणूसच लागतो. तो अनुभव मात्र पहिल्या पातळीवर काम करूनच येत असे, ही यातली खरी गोम.

अनुभवींनाही झळ बसत नाही असे नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक अधिक होते. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार सर्वाधिक झळ कारकुनी कामांना आहे : त्यांतली २४ टक्के कामे मजकूर घडवणाऱ्या एआयच्या तीव्र प्रभावाखाली येऊ शकतात. दाव्यांची छाननी, हिशेब, ग्राहकसेवा अशी कामे करणाऱ्या पुण्यातल्या बॅक ऑफिसांना हे लागू पडते.

कायद्याने या बदलाची दखल फार पूर्वी घेतली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार यंत्रसामग्रीत किंवा पद्धतीत कामगार कपात होण्याजोगी सुधारणा करायची तर मालकाने २१ दिवस आधी सूचना द्यावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. त्यातून १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत त्याच्या खात्यावर जमा करायचे असते. पंधरा दिवसांच्या पगारात वेल्डरने रोबो प्रोग्रॅमिंग शिकावे, ही अपेक्षा धाडसाचीच म्हणायची. त्याच संहितेने मोठ्या कारखान्यांत कपातीपूर्वी सरकारी परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. शिवाय या तरतुदी कामावरून काढलेल्यांसाठी आहेत. निवृत्त झालेल्याची जागा भरलीच नाही, कॅम्पसमधून घेतलेली मुले दरवर्षी थोडी कमी केली, तर कपात झाली असे कायदा मानत नाही.