नॅनोकणांच्या विषाक्ततेचे संशोधन

नॅनोकणांमुळे सजीवांना आणि परिसराला होऊ शकणारा अपाय तपासणारी विषशास्त्राची शाखा. तिला नॅनोविषशास्त्र असेही म्हणतात. सर्वसाधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. १ नॅनोमीटर म्हणजे १ मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ज्वालामुखीची राख, समुद्राच्या पाण्याचे तुषार, लाकडाचा धूर आणि डिझेल इंजिनाचा धूर यांत असे कण असतात. म्हणजे माणसाचा त्यांच्याशी संबंध नवा नाही. गेल्या काही दशकांत मात्र रंग, टायर, सनस्क्रीन, जंतुरोधक कापड, बॅटऱ्या, औषधे अशा असंख्य वस्तूंसाठी ते मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर बनवले जाऊ लागले.

रसायन तेच असताना केवळ आकार बदलला तर अपायही बदलतो का, हा या शाखेचा मूळ प्रश्न. अनेकदा बदलतो, असे आजवरच्या कामातून दिसते. पण प्रत्येक नॅनोकण विषारी असतो असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आकार, आकृती, पृष्ठभागाचे रसायन, विद्राव्यता आणि शरीरात टिकून राहण्याचा काळ या सर्वांवर अपाय अवलंबून असतो. म्हणून अमुक पदार्थ विषारी आहे का, असे विचारण्याआधी त्याची मात्रा नेमकी कशात मोजायची हे ठरवावे लागते, आणि या क्षेत्रातले बरेचसे मूलभूत काम याच प्रश्नाभोवती झाले आहे.

पूर्वपीठिका

बारीक धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे खाणकामगारांच्या सिलिकोसिसमुळे आणि ॲस्बेस्टॉसच्या आजारांमुळे फार आधीच माहीत झाले होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडावर वेल्डिंग करणाऱ्यांना काही तासांत थंडी वाजून ताप येतो. हा ‘धातुधूर ज्वर’ झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांमुळे होतो, आणि तो नॅनो हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून वैद्यकात नोंदलेला आहे. १९३०च्या दशकापासून क्ष-किरण तपासणीत वापरले गेलेले थोरोट्रास्ट हे द्रव्य म्हणजे थोरियम डायॉक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचे पाण्यातले मिश्रण होते. रक्तात टोचलेले हे कण यकृत आणि प्लीहेत जन्मभर अडकून राहिले आणि अनेक वर्षांनी रुग्णांना यकृताचे कर्करोग झाले. तेथे कर्करोगाचे कारण थोरियमचा किरणोत्सर्ग हे होते. पण न विरघळणारा सूक्ष्म कण रक्तात गेला की कोठे जाऊन बसतो आणि किती काळ बसतो, याचा इतका स्पष्ट मानवी पुरावा क्वचितच मिळतो.

स्वतंत्र शाखा म्हणून या अभ्यासाला आकार आला तो २००० नंतर. २००४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने नॅनोतंत्रज्ञानावरील संयुक्त अहवालात अशा संशोधनाची निकड मांडली. त्याच वर्षी केन डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी नॅनोविषशास्त्र ही विषशास्त्राची वेगळी उपशाखा मानावी असे सुचवले. २००५ मध्ये ग्युंटर ओबरडॉर्स्टर, इव्हा ओबरडॉर्स्टर आणि जॅन ओबरडॉर्स्टर यांनी लिहिलेला आढावा लेख या क्षेत्राचा पाया मानला जातो.

मात्रेचा प्रश्न

मात्रेवरच विष ठरते, हे सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्ससचे तत्त्व विषशास्त्रात आजही चालते, आणि मात्रा म्हणजे वस्तुमान हे त्यात गृहीत असते. नॅनोकणांच्या बाबतीत हे गृहीत अपुरे पडते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १ नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर होते. वस्तुमान कणभरही वाढत नाही. पेशीशी संपर्क आणि रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने फरक तेथे पडतो.

हे प्रयोगातून दाखवून दिले ते अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या कामाने. उंदरांना १२ आठवडे टायटॅनियम डायॉक्साइडचे कण हुंगवण्यात आले : एका गटाला सुमारे २० नॅनोमीटरचे, दुसऱ्याला सुमारे २५० नॅनोमीटरचे. वस्तुमान जवळपास सारखे असूनही लहान कणांच्या गटात फुप्फुसांचा दाह कितीतरी जास्त होता. मात्र आलेखाच्या आडव्या अक्षावर मिलिग्रॅमऐवजी कणांचे पृष्ठफळ मांडले, तेव्हा दोन्ही गटांचे बिंदू एकाच रेषेवर आले. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत बोलका आलेख हाच आहे. निष्क्रिय समजल्या जाणाऱ्या पांढऱ्या रंगद्रव्याची वागणूक बदलली होती, आणि ती कोणत्या हिशेबाने बदलली हेही तो सांगत होता.

पुढे या हिशेबाच्या मर्यादाही दिसल्या. विरघळणाऱ्या कणांसाठी सुटलेल्या आयनांचे प्रमाण, तर तंतुरूप कणांसाठी तंतूंची लांबी आणि संख्या अधिक उपयोगी ठरते. एकच मोजमाप सर्वांना लागू पडत नाही.

शरीरातील प्रवास

श्वसन हा सर्वांत महत्त्वाचा मार्ग. कण जितका लहान तितका तो खोल जातो, असे सरसकट म्हणता येत नाही. १ नॅनोमीटरच्या आसपासचे कण इतक्या वेगाने विसरण पावतात (हवेत इतस्ततः पसरतात) की बहुतेक नाकातच अडकतात. सुमारे २० नॅनोमीटरच्या कणांपैकी निम्म्याच्या आसपास वायुकोशांपर्यंत पोहोचून तेथे बसतात. वायुकोशांत मॅक्रोफेज या भक्षक पेशी पहारा देतात, पण मोठ्या कणांना त्या जितक्या सहज गिळतात तितक्या सहज नॅनोकणांना गिळू शकत नाहीत. उरलेले कण ऊतींत शिरतात आणि थोडेफार रक्तात उतरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण हुंगवल्यावर ते सोने रक्तात आणि लघवीत सापडले, आणि तीन महिन्यांनंतरही सापडत राहिले. रक्तातील कणांचा मोठा भाग यकृत आणि प्लीहा गोळा करतात.

नाकातून मेंदूकडे जाणारी आडवाट अधिक अस्वस्थ करणारी आहे. २००४ मध्ये ग्युंटर ओबरडॉर्स्टर यांच्या गटाने उंदरांना कार्बनचे सुमारे ३६ नॅनोमीटरचे कण हुंगवले. ते मेंदूच्या गंधकंदात (वासाचे संदेश घेणाऱ्या भागात) साठलेले आढळले, आणि नाकातील गंधचेतेतून ते तेथे पोहोचले असावेत असा निष्कर्ष काढला गेला. २०१६ मध्ये बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूच्या ऊतींत मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे गोलसर नॅनोकण दाखवले. त्यांचा आकार ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांशी जुळत होता. त्यांच्यामुळे मेंदूचा एखादा रोग होतो, हे मात्र या निरीक्षणातून सिद्ध होत नाही.

त्वचेचा मार्ग त्या मानाने बंद आहे. सनस्क्रीनमधील टायटॅनियम डायॉक्साइडचे कण निरोगी त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात, असे बहुतेक अभ्यास सांगतात. आतड्यांतून शोषण होते, पण गिळलेल्या मात्रेचा अगदी थोडा अंश आत जातो.

शरीरात शिरलेला कण उघडा राहत नाही. रक्तात येताच त्याच्याभोवती प्रथिनांचे आवरण चढते. २००७ मध्ये टॉमी सेडरवॉल, सारा लिन्से, केनेथ डॉसन आणि सहकाऱ्यांनी या ‘प्रथिन-कंकणा’ची उकल केली. पेशीला दिसते ते हे आवरण. कारखान्यातला मूळ पृष्ठभाग तिला क्वचितच दिसतो. त्यामुळे बाटलीतल्या कणाचे वर्णन कितीही काटेकोर केले, तरी त्यावरून शरीरातली वागणूक थेट सांगता येत नाही.

अपायाच्या यंत्रणा

सर्वाधिक अभ्यासलेली यंत्रणा म्हणजे ऑक्सिडीकारक ताण. कणांच्या पृष्ठभागावर, किंवा त्यांनी डिवचलेल्या पेशींत, ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात. ताण थोडा असेल तर पेशी संरक्षक विकरे वाढवून तो पेलते. वाढला की दाहाचे संदेश सुटतात, आणि त्याहूनही वाढला की पेशी मरते. ॲन्ड्रे नेल यांनी २००६ मध्ये ही पायऱ्यांची मांडणी नॅनोकणांसाठी प्रचारात आणली. दीर्घकाळ चालणारा दाह डीएनएलाही इजा करतो, आणि कर्करोगाकडे जाणारी एक वाट तेथून निघते.

झिंक ऑक्साइड आणि चांदी यांची तऱ्हा वेगळी. कण पेशीत गिळला जातो, लायसोसोम या आम्लधर्मी पिशवीत विरघळतो आणि धातूचे आयन आतच मोकळे होतात. बाहेरून आयन म्हणून जितका धातू सहसा आत शिरला नसता, तितका तो कणाच्या रूपाने शिरतो.

कार्बन नॅनोनलिका आणि ॲस्बेस्टॉस

१९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे प्रकाशात आलेल्या कार्बन नॅनोनलिका, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिबारीक पोकळ नळ्या, पोलादापेक्षा मजबूत आणि वजनाला हलक्या असतात. लांब, बारीक, ताठ आणि शरीरात न विरघळणारा तंतू म्हटल्यावर विषशास्त्रज्ञाला ॲस्बेस्टॉस आठवणे साहजिक होते. ॲस्बेस्टॉसचा लांब तंतू मॅक्रोफेजला पुरता गिळता येत नाही. पेशी अर्धवट पसरलेल्या अवस्थेत दाहकारक द्रव्ये ओतत राहते, आणि फुप्फुसावरणात ही झटापट वर्षानुवर्षे चालते.

२००८ मध्ये क्रेग पोलंड, केन डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत बहुभिंती नॅनोनलिका सोडल्या. लांब नलिकांनी ॲस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी निर्माण केल्या. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नलिकांनी तसे केले नाही. कार्बन तोच असताना लांबी आणि ताठरपणामुळे निकाल बदलला. त्याच वर्षी जपानमधील ताकागी आणि सहकाऱ्यांनी, कर्करोगाला सहज बळी पडणाऱ्या जनुकीय बदल केलेल्या उंदरांत अशा नलिकांमुळे मेसोथेलिओमा हा ॲस्बेस्टॉसशी निगडित, अवयवांच्या आवरणाचा कर्करोग झाल्याचे दाखवले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट प्रकाराला ‘माणसांत कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २-ब गटात घातले. बाकीच्या नॅनोनलिका पुराव्याअभावी वर्गीकरण न होणाऱ्या गटात राहिल्या. हा भेद वृत्तांकनात वारंवार पुसला जातो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवला आहे.

प्रयोगातील चकवे

या शाखेच्या सुरुवातीच्या निष्कर्षांपैकी काही पुढे टिकले नाहीत, आणि ते का टिकले नाहीत हे समजून घेतल्याशिवाय तिचे साहित्य वाचू नये.

२००४ मध्ये फुलरीन या कार्बनच्या गोलाकार रेणूंमुळे माशांच्या मेंदूतील मेदांचे ऑक्सिडीकरण होते असे प्रसिद्ध झाले आणि मोठी खळबळ उडाली. फुलरीन पाण्यात मिसळण्यासाठी टेट्राहायड्रोफ्यूरान हा विद्रावक वापरला होता. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने झेब्राफिशवर याच पद्धतीने बनवलेले मिश्रण तपासले, तेव्हा दिसणारी विषाक्तता या विद्रावकाच्या विघटनातून आलेल्या पदार्थांशी जोडलेली निघाली.

पेशी जिवंत आहेत का हे पाहण्यासाठी एमटीटी ही रंगचाचणी सर्रास वापरतात. २००६ मध्ये लक्षात आले की कार्बन नॅनोनलिका या चाचणीतला जांभळा रंगच स्वतःला चिकटवून घेतात. रंग फिका पडतो, पेशी मेल्या असे यंत्र सांगते आणि पेशी तर धडधाकट असतात. नमुन्यात एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विषारी द्रव्य मिसळले असेल तर दाह त्यामुळे होतो आणि दोष कणावर येतो. मात्रांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. कित्येक प्रयोगांत पेशींवर ओतलेली मात्रा प्रत्यक्ष आयुष्यात मिळू शकणाऱ्या मात्रेच्या कैकपट होती. उंदरांच्या फुप्फुसांत सफाईच्या क्षमतेपलीकडे धूळ भरली, तर अन्यथा निरुपद्रवी पदार्थानेही गाठी येतात. या अतिभाराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

उलट दिशेची फसगतही झाली. २००६ मध्ये जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचा स्नानगृहासाठीचा फवारा वापरल्यावर शंभराच्या आसपास लोकांना श्वसनाचा त्रास झाला. नॅनोतंत्रज्ञानाचे पहिले बळी म्हणून बातम्या झळकल्या. तपासणीत त्या फवाऱ्यात नॅनोकण आढळलेच नाहीत.

या धक्क्यांतून आलेली शिस्त मला या शाखेची सर्वांत टिकाऊ कमाई वाटते. कणांचा आकार, पृष्ठफळ, शुद्धता आणि द्रवात गुठळ्या होण्याचे प्रमाण न नोंदवलेला अभ्यास आता सहसा गांभीर्याने घेतला जात नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २००६ मध्ये यासाठी कार्यगट नेमला. पुढे तिने श्वसनमार्गाच्या चाचण्यांची मार्गदर्शक सूत्रे नॅनोकणांना लागू पडतील अशी सुधारली.

परिसरातील परिणाम

जंतुरोधक मोज्यांतील चांदी धुताना पाण्यात उतरते, हे २००८ मध्ये ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी मोजून दाखवले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात या चांदीचे बरेचसे रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये होते. ते फारच कमी विरघळत असल्याने विषाक्तता घटते. पण गाळात ती चांदी साठत जाते आणि हा गाळ खत म्हणून शेतात जाऊ शकतो. झिंक ऑक्साइडची शैवालांवरील विषाक्तता मुख्यतः विरघळलेल्या जस्तामुळे असते. पाण्याचा खारेपणा, आम्लता आणि त्यातील सेंद्रिय द्रव्ये यांनुसार एकाच कणाचे वर्तन नदीत एक आणि समुद्रात दुसरे असते.

नियमन

मात्रेचा प्रश्न नियमांतही उतरला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ मध्ये कामाच्या जागी हवेतील टायटॅनियम डायॉक्साइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या : बारीक कणांसाठी प्रति घनमीटर २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म कणांसाठी ०.३ मिलिग्रॅम. कार्बन नॅनोनलिकांसाठी २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर केवळ १ मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नॅनोस्वरूपाचा उल्लेख २०१३ पासून सक्तीचा आहे, आणि रसायनांच्या नोंदणीत नॅनोरूपांची वेगळी माहिती २०२० पासून द्यावी लागते.

अन्नाला पांढरेपणा देणाऱ्या ई-१७१ या टायटॅनियम डायॉक्साइडवरून मतभेद झाले. त्याच्या कणांचा काही भाग नॅनोआकाराचा असतो. डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून तो सुरक्षित मानता येणार नाही असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघात अन्नातील त्याच्या वापरावर बंदी आली. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये मात्र, शोषण अत्यल्प असल्याच्या आधारावर, रोजच्या सेवनाला आकड्यांची मर्यादा घालण्याची गरज नाही ही जुनी भूमिका कायम ठेवली. अनिश्चिततेचे ओझे कोणी वाहायचे, यावर दोन्ही संस्थांची उत्तरे वेगळी आहेत. जो पदार्थ अन्नात केवळ रंगासाठी घातला जातो, त्याच्या बाबतीत सावधपणाकडे झुकणारा निर्णय अधिक समर्थनीय वाटतो.

अलीकडे घडणीतच अपाय कमी करण्याचे प्रयत्न वाढले आहेत. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकात थोडे लोह मिसळले की तो सावकाश विरघळतो आणि पेशींना कमी इजा करतो, हे २०१० मध्ये दाखवले गेले. २०१३ मधील एका कामात लांब नॅनोनलिकांच्या पृष्ठभागावर विशिष्ट रासायनिक गट जोडले, तेव्हा त्या सुट्या आणि परिणामतः आखूड झाल्या, आणि उंदरांत त्यांनी ॲस्बेस्टॉससारखा दाह केला नाही. पृष्ठभागावर केलेल्या प्रत्येक रासायनिक बदलाने हे साधत नाही. त्याच कामात नलिका आखूड न करणारा बदल निष्फळ ठरला होता.