बॅटरी केवढ्याला पडेल? फोन करण्याआधी एवढं वाचा

'भाऊ, गाडीची बॅटरी केवढ्याला?' हा फोन आमच्या दुकानात दिवसातून दहा वेळा येतो. आम्ही उलट चार प्रश्न विचारतो आणि समोरचा वैतागतो. गाडी कोणती, पेट्रोल की डिझेल, जुन्या बॅटरीवर काय छापलंय आणि ती परत देणार का? हे कळल्याशिवाय सांगितलेला आकडा खोटा निघतो, म्हणून हे पत्रक.

आधी बॅटरी गेलीय का ते बघू

सेल्फ मारला आणि नुसती कटकट झाली, म्हणजे बॅटरी गेलीच असं नाही. कधी टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढलेला असतो. तो गरम पाण्याने धुऊन क्लॅम्प आवळला की गाडी चालू. कधी आतला दिवा रात्रभर जळत राहिलेला असतो. अशा वेळी चार्जिंगवर भागतं.

आम्ही मीटर लावतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या आसपास असेल तर जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा बघायचं: तिथे साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. ते येत नसतील तर दोष डायनॅमोत (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याच्या पट्ट्यात आहे, आणि नवी बॅटरी टाकलीत तर तीही आठवड्यात उतरेल. शेवटी लोड टेस्ट. सेल्फच्या भाराखाली व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर मात्र तिला निरोप द्या. ही तपासणी आम्ही फुकट करतो आणि बॅटरी चांगली निघाली तर तसं सांगतो. त्या दिवशी विक्री होत नाही, पण माणूस परत येतो.

अकोल्यात लोक म्हणतात, 'थंडीत बॅटरी गेली.' खरं तर तिचा घात मे महिन्यातच झालेला असतो. पारा ४५ च्या पुढे, त्यात बॉनेटखालची उष्णता. आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, आणि तेव्हा ती मान टाकते. आमच्याकडे सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी चार वर्षं सहज काढते. उन्हात उभी राहणारी कधी अडीच वर्षांतच येते.

दर

हे पत्रक छापताना आमच्याकडे जुनी बॅटरी परत देऊन पडणारे अंदाजे दर असे: अल्टो, वॅगनआरसारख्या लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर (ही बॅटरीची क्षमता) बॅटरी ₹३,४०० ते ४,६००. डिन ४४ किंवा ४५ (डिन हे बॅटरीच्या मापाचं नाव, आकडा अँपिअरचा) बसणाऱ्या गाड्यांना ₹४,५०० ते ६,०००. डिझेलला इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते, म्हणून ६० अँपिअरच्या वर जावं लागतं. तिथे ₹६,००० ते ८,५००. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी टाकू नका. दिवसात पन्नास वेळा सेल्फ मारणं तिच्या अंगाला झेपत नाही. ईएफबी किंवा एजीएम (वारंवार सेल्फ सोसणाऱ्या मजबूत बॅटऱ्या) लागते, ₹७,००० पासून पुढे. काही जर्मन गाड्यांत तर नव्या बॅटरीची गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनरने 'ओळख' करून द्यावी लागते, त्याचे वेगळे पैसे.

अँपिअर जास्त म्हणजे आयुष्य जास्त, असंही नाही. मोठी बॅटरी ट्रेमध्ये नीट बसत नाही, हलत राहते आणि आतून सुटते. बॅटरीच्या मॉडेल नंबरातलं 'एल' किंवा 'आर'ही बघा: प्लस कोणत्या बाजूला आहे ते या अक्षरावरून कळतं. चुकीची आणली तर वायर पुरत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ₹५,००० असेल तर पूर्वी ₹६,४०० द्यावे लागत, आता ₹५,९००. त्यामुळे जुन्या बिलाशी तुलना करताना तेवढं लक्षात घ्या.

जुन्या बॅटरीचे पैसे शिशाचे असतात. दहा किलोच्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन त्याचंच, आणि भाव वर-खाली झाला की आमचा आकडाही हलतो. भंगारवाला कधी शंभर-दोनशे जास्त देतो, मान्य. पण तो बरेचदा ॲसिड नाल्यात ओततो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवी, आणि आमच्याकडून ती तिथेच जाते.

वॉरंटीतली मेख

'३६ महिने वॉरंटी' ऐकून खूश होण्याआधी फोड विचारा. १८ अधिक १८ असेल तर फुकट बदलून मिळते ती पहिल्या १८ महिन्यांतच. नंतरच्या महिन्यांत फक्त सूट, आणि तीही छापील किमतीवर. समजा छापील किंमत ₹६,००० आणि सूट ३० टक्के, तर तुम्ही भरणार ₹४,२००, शिवाय जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. तीच बॅटरी दुकानात ₹४,८०० ला मिळत असेल आणि जुनीचे ₹८०० येत असतील, तर नवी कोरी ₹४,००० ला पडते. म्हणजे वॉरंटी वापरणारा दोनशे रुपये जास्त भरतो! आम्ही दोन्ही हिशेब कागदावर मांडून देतो, पुढे तुमची मर्जी. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा जुन्या वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळतात, हेही आधीच सांगतो. टॅक्सीत चालणाऱ्या गाडीला वॉरंटीची मुदत कमी असते. खोटं सांगून कार्ड भरू नका, क्लेमच्या वेळी पकडलं जातं.

कार्डावर गाडीचा नंबर आणि बिलाची तारीख आमच्यासमोर लिहून घ्या. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिनाही विचारा. सहा महिने कपाटात पडलेली 'नवी' बॅटरी आम्हीही घरी लावणार नाही.

लग्नसराईत पंधरा दिवस गावाला जाणार असाल, तर मायनसची वायर काढून ठेवा. डॅशकॅम आणि जीपीएस गाडी बंद असतानाही थोडं-थोडं पितच असतात. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. घड्याळ पुन्हा लावावं लागेल.