स्पर्लिंग चाचणी: मान वाकवण्याच्या एका तपासणीचा ऐंशी वर्षांचा वाद

मानेतून निघून हातात उतरणाऱ्या दुखण्याचे खापर दोन मणक्यांमधल्या चकतीवर फुटायला विसावे शतक बरेच उलटावे लागले. त्याआधी मणक्यांच्या शस्त्रक्रियेत हाती लागणारे चकतीचे तुकडे कूर्चेच्या गाठी म्हणून नोंदवले जात. १९३४ साली कमरेतली सरकलेली चकती आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध ठामपणे मांडला गेला, आणि नऊ वर्षांनी मानेची पाळी आली. १९४३ च्या एका लेखात चार रुग्णांची हकीगत आहे. त्यांच्या मानेतली सहावी चकती सातव्या मज्जामुळावर, म्हणजे मज्जारज्जूतून निघून हाताकडे जाणाऱ्या नसेच्या मुळावर, दाबत होती आणि लक्षणे मात्र हृदयविकाराची वाटावीत अशी होती. छातीत आणि हातात कळ घेऊन आलेल्या माणसाची, हृदयाची शंका फिटल्यावर, मानही तपासावी हा धडा तिथून मिळाला.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, दोन अमेरिकी न्यूरोसर्जननी आज स्पर्लिंगच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी लिहून ठेवली. मूळ वर्णन साधे आहे. डोके आणि मान दुखऱ्या बाजूला कलवायची. बऱ्याच वेळा एवढ्यानेच हातातली ओळखीची कळ जागी होते. त्याच स्थितीत टाळूवरून खाली दाब दिला तर ती वाढते. मान उलट बाजूला कलवली की बहुधा आराम पडतो. मागे वाकवणे किंवा मान वळवणे यावर त्या वर्णनाचा भर नव्हता.

सगळा घोळ इथून पुढचा आहे. मान मागे नेली, कलवली आणि वळवली की मज्जामूळ बाहेर पडते ते छिद्र आणखी अरुंद होते, हे शरीररचनेच्या दृष्टीने खरेच आहे. त्यामुळे नंतरच्या शिक्षकांनी या हालचाली एकेक करून चाचणीत आणल्या. कोणी नुसती मान कलवून दाब देऊ लागले, कोणी आधी मागे वाकवून, कोणी दुखऱ्या बाजूला वळवून. नाव सगळ्यांचे एकच राहिले. रुग्णाच्या कागदावर ‘स्पर्लिंग पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा तपासणाऱ्याने नेमके काय केले हे दुसऱ्या डॉक्टरला कळायला मार्ग नसतो.

त्याहून मोठी गोची चाचणी ‘आली’ कशाला म्हणायचे याची. तपासणारा खुर्चीमागे उभा राहून दोन्ही तळवे टाळूवर ठेवतो, मान कलवतो, हळूहळू दाब देतो, आणि रुग्ण म्हणतो, ‘दुखतंय.’ कुठे, हा प्रश्न इथे चाचणीइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचा हात मानेवर गेला, तर सांधे, स्नायू, जुनी झीज यांपैकी काहीही दुखत असेल. बोट दंडावरून अंगठ्याकडे किंवा मधल्या बोटाकडे सरकले, तरच ती मुळाची खूण. अनेक ठिकाणी मानेतले दुखणेही पॉझिटिव्ह धरले गेले आणि चाचणीची अब्रू त्यानेच घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐंशीच्या दशकाअखेरीपासून या चाचणीचे मोजमाप सुरू झाले आणि आकडे एकमेकांना छेद देऊ लागले. २००२ च्या एका अभ्यासात तिने खरे रुग्ण पकडण्याचे प्रमाण ३० टक्के निघाले, तर निरोगी मुळांना निरोगी ठरवण्याचे ९३ टक्के. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात दोन्ही आकडे नव्वदीच्या पुढे होते. हा फरक तपासणाऱ्यांच्या कौशल्याचा नाही. पहिल्या अभ्यासात निकाल ताडून पाहिला तो स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीशी; दुसऱ्यात एमआरआयशी किंवा शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष दिसलेल्या चकतीशी. विद्युत तपासणीत स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंचे नुकसान दिसते. फक्त वेदना देणारे, जेमतेम चिडलेले मूळ तिच्या हाती लागत नाही. एमआरआयचा दोष उलटा: ज्यांना काहीच त्रास नाही अशा कित्येकांच्या मानेत तो सरकलेल्या चकत्या दाखवतो. मोजपट्टीच अशी सैल असताना सगळा दोष हातांच्या पदरी टाकणे अन्यायाचे आहे.

मधल्या काळात २००३ साली एक तोडगा पुढे आला: चार खुणा एकत्र पाहायच्या. स्पर्लिंग, हातातल्या नसांना ताण देणारी चाचणी, मान वर खेचल्यावर मिळणारा आराम, आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळणे. चारही जुळल्या तर मुळाच्या आजाराची शक्यता ९० टक्क्यांच्या घरात जाते. फिजिओथेरपीत हा संच लगेच रुळला. एकटी ताणाची चाचणी जवळपास कोणालाच सोडत नाही, म्हणून ती नकारात्मक आली तरच खरी कामाची.

कोणत्या मुळाचा भाग त्वचेवर कुठवर, हा नकाशा या सगळ्याहून जुना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माकडांची मुळे छेदून आणि नागिणीच्या पुरळांचे पट्टे पाहून तो काढला गेला, पुढे १९३३ आणि १९४८ मध्ये नव्याने. हे नकाशे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. १९९८ मध्ये मुळे सुईने डिवचून पाहिली, तेव्हा कळ नकाशाच्या रेषा ओलांडून गेली. म्हणून अंगठा सहाव्याचा, मधले बोट सातव्याचे, करंगळी आठव्याची हा हिशेब धरायचा, पण त्याला ट्रायसेप्स या दंडामागच्या स्नायूची ताकद आणि कोपरामागच्या हातोडीच्या ठोक्याची साथ हवी.

मान वाकवण्याच्या प्रकारांची तुलना करणारा एक अभ्यास २०१२ साली आला. मान मागे नेऊन कलवणे आधी करावे आणि त्याने निदान होत नसेल तरच वरून दाब द्यावा, अशी त्याची शिफारस होती. हातात कळ उतरली की तिथेच थांबायचे. दाब वाढवून नवे काही कळत नाही. ताजा मार लागलेल्या, संधिवाताने मणके सैल झालेल्या किंवा चालताना पाय अडखळणाऱ्या रुग्णावर ही चाचणी करतच नाहीत. पाय अडखळत असतील तर संशय मज्जारज्जूवरच्या दाबाचा असतो, आणि तिथे आधी चाल, पायांचे रिफ्लेक्स आणि हातांच्या बोटांची चपळाई पाहिली जाते.