कांद्याची प्रत ब्लॉकचेनला कशी कळणार?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कांद्याचा ट्रक चेन्नईला जायचाय. घेणारा नवा, ओळखपाळख नाही. तो आधी पैसे सोडत नाही, इथला व्यापारी आधी माल सोडत नाही. अशा वेळी हिंजवडीतला एखादा इंजिनिअर हमखास म्हणतो, ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट टाका ना!’

म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकसारख्या जपलेल्या नोंदींच्या साखळीवर) ठेवलेला छोटा प्रोग्रॅम. घेणाऱ्याने त्यात पैसे अडकवायचे. अट पुरी झाली की ते आपोआप विकणाऱ्याकडे जातात, मुदत टळली तर परत फिरतात. हजारो संगणक तोच प्रोग्रॅम चालवून निकाल पडताळतात, त्यामुळे मध्येच कोणाला हात मारता येत नाही. कल्पना संगणकतज्ज्ञ निक साबो यांची, १९९०च्या दशकातली. ती रुळली २०१५ मध्ये इथेरियम ही ब्लॉकचेन सुरू झाल्यावर.

घोडं अडतं ते अटीपाशी. ट्रक पोचला हे जीपीएस सांगेल. पण गोणीच्या तोंडाशी टपोरा कांदा आणि तळाला गोल्टी, हे कोण सांगणार? तिथे माणूसच लागतो. बाहेरची खबर साखळीवर पोचवणाऱ्याला ‘ओरॅकल’ म्हणतात. एकाऐवजी चार नेमले तर धोका कमी होतो, जात नाही. आणि दोघांचाही विश्वास असलेला माणूस मिळालाच, तर बँकेचं एस्क्रो खातं, म्हणजे अट पुरी होईपर्यंत बँकेने पैसे सांभाळायचे, ते काय वाईट?

फ्लॅटचंही तेच. रेरा कायद्यानुसार ग्राहकांचे ७० टक्के पैसे बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यांवर ते काढता येतात. वाकडमधला स्लॅब पडला की नाही, हे प्रोग्रॅमला दिसत नाही. दाखला खोटा असला तर तो खोट्या दाखल्यावरही इमानेइतबारे पैसे सोडेल.

खरा उपयोग देणं आणि घेणं दोन्ही साखळीवरच असतं तिथे. एका टोकनच्या (साखळीवरच्या डिजिटल नाण्याच्या) बदल्यात दुसरं टोकन: दोन्ही हस्तांतरं एकाच व्यवहारात होतात, नाहीतर एकही होत नाही. एक पुण्यात, दुसरा ब्राझीलमध्ये, नावगाव ठाऊक नाही, कोर्टात खेचायची सोय नाही. तरी एकाने घेऊन दुसऱ्याला टांग मारली, असं घडू शकत नाही. भारतात मात्र अशा टोकनच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस.

आणि कोडच फसवं निघालं तर? जून २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या सामाईक निधीच्या कोडमधल्या फटीतून कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) वळवले. प्रोग्रॅमने लिहिल्याबरहुकूमच काम केलं होतं. बराच वाद घालून जुलैत इथेरियमवाल्यांनी साखळीचे नियम बदलले आणि पैसे परत फिरवले. माणसांवर विसंबायला नको म्हणून उभारलेल्या यंत्रणेत शेवटी माणसांनीच निवाडा केला, याची मला गंमत वाटते. ज्यांना तो पटला नाही ते जुन्याच साखळीवर राहिले. ती इथेरियम क्लासिक या नावाने चालू आहे.