ट्रॉली ओढणाऱ्या डिझेल पिकअपची इंजिन-उष्णता : मराठवाड्यातील फेरफार

डिझेल पिकअपच्या मागे ट्रॉली, जनरेटर, कॉम्प्रेसर किंवा मळणीयंत्र जोडून ओढताना इंजिन प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून शीतन-व्यवस्थेत, हवेच्या मार्गात, इंधन-पुरवठ्यात आणि चालवण्याच्या पद्धतीत केलेले बदल. मराठवाड्यात ओढण्याचे मुख्य काम ट्रॅक्टरचेच आहे. पण लांबचा पल्ला किंवा घाई असली, की तीच वस्तू महिंद्र बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा यांसारख्या गाडीच्या हुकाला लागते, आणि हौद्यात माल असतो तो वेगळाच. बंद पडलेली गाडी टोचन करून आणण्याचे कामही पिकअपकडेच येते.

डिझेल जळून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. तेवढाच भाग सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाणी, ऑइल आणि इंजिनच्या अंगातून बाहेर पडतो. गाडी, माल आणि ट्रॉली मिळून चार टन वजन सपाट रस्त्यावर ताशी ३० किमी वेगाने न्यायला चाकांवर सुमारे ५ किलोवॉट पुरतात. १५ मीटरला १ मीटर चढणाऱ्या घाटात त्याच वेगाला सुमारे २७ किलोवॉट लागतात. म्हणजे काम पाचपटीहून जास्त वाढते, त्याबरोबर पाण्यात जाणारी उष्णताही वाढते, आणि समोरून येणारा वारा मात्र ३० किमीचाच राहतो. चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट, बीडजवळचा मांजरसुंबा घाट, परळीकडून अंबाजोगाईला चढणारा रस्ता या ठिकाणी पाण्याच्या तापमानाचा काटा वर जातो तो या हिशेबामुळे.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. रेडिएटर किती उष्णता फेकेल हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९५ अंश सेल्सिअस आणि हवा २८ अंश असेल तर फरक ६७ अंशांचा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ वर गेला की तो ५३ उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद पाचव्या हिश्शाने कमी झालेली. हिवाळ्यात बिनतक्रार चढणारी गाडी उन्हाळ्यात पाणी फेकते, तेव्हा दर वेळी काही बिघडलेलेच असते असे नाही. ती आधीपासून काठावर चालत असते.

पाणी, क्षार आणि झाकण

या भागातील सर्वांत मोठा शत्रू बोअरचे पाणी आहे. बेसाल्ट खडकातून येणारे हे पाणी जड असते. रेडिएटरमध्ये कमी पडले की बाटलीभर ओतायचे, ही सवय वर्षानुवर्षे चालली की नळ्यांच्या आतून आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत क्षारांचा थर बसतो. पातळ थरही उष्णता अडवतो. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर कारागीर वरची टाकी झाळ सोडवून उघडतो, प्रत्येक चपट्या नळीतून पातळ पट्टी घालून वर-खाली सरकवतो आणि खाली पांढरा चुरा पडू लागतो. मग नळाची पाइप लावून पाणी सगळ्या नळ्यांतून सारखे उतरते का ते बघतो. एका बाजूच्या नळ्या कोरड्या राहिल्या तर काम अर्धेच झाले. ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या नव्या रेडिएटरमध्ये हे जमत नाही. तो बदलावाच लागतो. म्हणून नव्या गाडीत पहिल्या दिवसापासून शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी आणि कुलंट हीच खरी सुधारणा. रस्त्यात पाणी घालायची वेळ आलीच, तर घरी आल्यावर ते काढून टाकावे.

कुलंट जास्त तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. साधे पाणी उष्णता वाहून नेण्यात सरस असते. निम्मे-निम्मे मिश्रण त्याहून साधारण १५ ते २० टक्के कमी उष्णता धरते. कुलंटमुळे गंज थांबतो आणि उत्कलनबिंदू वाढतो, हा त्याचा लाभ. इथे पाणी गोठण्याची भीती नसल्याने, गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर, एक तृतीयांश प्रमाण पुरते.

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, उघडे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळते. रेडिएटरचे झाकण साधारण एक बार दाब धरते म्हणून आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मऊ पडली की हा सारा आधार जातो. गाडी पाणी फेकते म्हणून हेड उघडण्याआधी झाकण बदलून पाहावे. इतक्या थोड्या खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा भाग गाडीत नाही.

हवेची वाट

पुढचा लोखंडी गार्ड, जादा दिव्यांची रांग, जाळीवर बांधलेली चुनरी, मालकाच्या नावाची पाटी, किडे अडवण्यासाठी लावलेली बारीक जाळी: यातील प्रत्येक गोष्ट थोडी हवा खाते, आणि सगळ्या मिळून रेडिएटर उपाशी ठेवतात. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. तो स्वतःची उष्णता त्याच हवेत सोडतो, म्हणून चढावर एसी बंद करण्याचा रिवाज योग्य आहे.

सोयाबीनच्या मळणीच्या हंगामात, ऑक्टोबरच्या सुमारास, भुसकट रेडिएटरच्या पंखांच्या (नळ्यांमधील पातळ पत्र्यांच्या) फटीत शिरते. कापसाच्या दिवसांत तंतू अडकतात. त्यावर काळ्या मातीची धूळ बसली आणि एखादा पाऊस लागला, की ती विटेसारखी घट्ट होते. बाहेरून पाणी मारले तर कचरा आत दाबला जातो. श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे, सोडवून पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला कमी दाबाने पाणी सोडावे लागते. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पंख वाकतात आणि ती फट कायमची बंद होते. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा निववणारी जाळी) असेल तर त्याचीही अशीच काळजी घ्यावी. टर्बोतून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातून, येणारी हवा तापलेलीच राहिली तर सिलिंडरमधील तापमान चढते.

श्राउड फुटले की बरेच जण ते काढून फेकतात. त्याविना पंखा रेडिएटरच्या मधल्याच भागातून हवा ओढतो आणि कोपरे कोरडे पडतात. व्हिस्कस पंख्याच्या क्लचमधील सिलिकॉन द्रव गळून गेला, तर पंखा फिरताना दिसतो पण ओढत नाही. गरम इंजिन बंद केल्यावर हाताने फिरवताना पंखा अगदी सहज फिरत राहिला, तर क्लच गेला समजावे. विजेचा जादा पंखा बसवायचा असेल तर तो १५ ते २५ ॲम्पिअर घेतो. अल्टरनेटर आणि वायरिंग त्या मापाचे नसेल तर उष्णतेऐवजी बॅटरीची समस्या उभी राहते. जाड गाभ्याचा रेडिएटर बसवताना पंख्याची ओढ तितकी आहे का, हेही पाहावे. जाडी वाढली की हवेला अडथळाही वाढतो.

बॉनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून फट ठेवण्याचा प्रकार थांबलेल्या किंवा अगदी संथ गाडीत गरम हवा बाहेर जाऊ देतो. वेग आला की काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि त्याच फटीतून हवा उलटी आत येते, म्हणून घाटाबाहेर त्याचा उपयोग नाही.

थर्मोस्टॅट काढण्याची चाल

गाडी तापते म्हटल्यावर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकणे हा या भागातील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट फेरफार आहे. बहुतेक डिझेल इंजिनांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. चढावर गाडी तापते त्या वेळी तो आधीच उघडा असतो, म्हणजे काढून काही मिळत नाही. अनेक इंजिनांत त्याला खाली दुसरी चकती असते. पाणी गरम झाले की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ही वाट उघडीच राहते, आणि काही पाणी रेडिएटरला न भेटता पुन्हा इंजिनात फिरते. ज्याने थंडावा हवा म्हणून तो काढला, त्याचीच गाडी घाटात जास्त तापते. सपाटीवर मात्र इंजिन थंड राहते, ऑइल नीट तापत नाही, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडर झिजतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डीपीएफची (धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाईही त्यामुळे अडखळते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात तापमापकाबरोबर टांगावा आणि तो उघडतो का हे डोळ्यांनी पाहावे. बंदच राहिला तर नवा घालावा.

इंधन आणि धूर

जुन्या गाड्यांत पंप वाढवणे आणि नव्यांत ट्यूनिंग बॉक्स लावणे, दोन्हींचा अर्थ एकच: जास्त डिझेल, जास्त ओढ, जास्त उष्णता. पाण्याचा काटा ही उष्णता उशिरा दाखवतो. ती आधी सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूत दिसते. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळीत) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवून तेथील तापमान मोजता येते. सतत ७०० अंशांवर राहिल्यास ॲल्युमिनियमचे पिस्टन धोक्यात येतात. टर्बोच्या नंतर बसवलेला काटा भाराखाली शंभर-दोनशे अंश कमी दाखवतो, त्यामुळे कोणत्या जागेचे वाचन आहे हे लक्षात ठेवावे. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवूनच घ्यावे. धातूचा कीस टर्बोच्या पात्यांत गेला तर मीटरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. ज्याला इंधन वाढवायचेच आहे त्याने हा मीटर आधी बसवावा.

चालवण्याची पद्धत

तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १२०० फेऱ्यांवर धडधडत असताना ॲक्सिलरेटर दाबून धरणे, ही घाटात गाडी तापवण्याची हमखास रीत आहे. पाण्याचा पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही इंजिनच्या वेगाच्या प्रमाणात फिरतात. भार सर्वाधिक असताना ते सर्वांत हळू फिरत राहतात. वेळीच दुसरा गिअर घेऊन २२०० ते २५०० फेऱ्या ठेवल्या, की पाणी जोरात फिरते, हवा ओढली जाते आणि धूर कमी होतो. घाट सुरू होण्याआधी गिअर उतरवणारा चालक हजारो रुपयांच्या फेरफाराइतका उपयोगी असतो.

काटा लाल रेषेकडे गेलाच, तर गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन जरा जास्त फेऱ्यांवर चालू ठेवावे आणि हीटर असेल तर पूर्ण चालू करावा. पाणी संपले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेले झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतल्याने हेडला तडा जाऊ शकतो. घाट चढून आल्यावर टर्बो इंजिन लगेच बंद करू नये. दोन मिनिटे संथ चालू ठेवले नाही तर टर्बोच्या बेअरिंगमधील ऑइल जळून तिथेच चिकटते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॉली हेही वाहनच आहे आणि तिची स्वतंत्र नोंदणी लागते. त्याच कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करण्यास मर्यादा घालते. मूळ मापाचा रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट बदलणे ही देखभाल आहे. इंजिनची ताकद वाढवणारा बदल मात्र या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी त्याकडे बोट दाखवू शकते.