फळांची घरगुती वाइन

फळांची घरगुती वाइन : फळांचा रस किंवा गर साखर आणि पाणी घालून, यीस्ट या सूक्ष्मजीवाच्या साहाय्याने घरच्या घरी आंबवून तयार केलेले मद्य. त्यातील मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने साधारणपणे ९ ते १३ टक्के असते. फळे आणि मातीचे भांडे एवढ्या भांडवलावर माणूस हे काम फार प्राचीन काळापासून करत आला आहे. चीनमधील जिआहू येथे सापडलेल्या, इ.स.पू. ७००० च्या सुमाराच्या खापरांत तांदूळ, मध आणि फळे यांच्या आंबवलेल्या पेयाचे अवशेष आढळले आहेत. तेव्हा थोड्या खर्चात वाइन होते याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. काटकसर भांड्यांत आणि फळांत करावी, स्वच्छतेत, यीस्टमध्ये आणि वेळेत करू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

वाइन घडवणारी क्रिया म्हणजे किण्वन. ‘सॅकरोमायसीस सेरेव्हिसी’ या जातीचे यीस्ट शर्करेचे विघटन करते आणि त्यातून मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ समान वजनात तयार होतात. एक किलो साखर पूर्ण आंबली, तर त्यातून अडीचशे लिटरांहून अधिक वायू बाहेर पडतो. किण्वनाचे भांडे घट्ट बंद का करू नये, हे या एका आकड्यावरून समजते. ही क्रिया सजीवांमुळे घडते हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. पुढे १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी कार्ल्सबर्ग या डेन्मार्कमधील बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून यीस्टची शुद्ध पैदास केली. आज पाच ग्रॅमच्या पुडीत मिळणारे वाइनचे कोरडे यीस्ट ही त्याच वाटेवरची देणगी आहे.

फळ महागडे असण्याची गरज नसते. हंगामाच्या अखेरीस स्वस्त होणारे, जास्त पिकलेले, दिसायला डागाळलेले फळ वाइनसाठी उलट अधिक सोयीचे, कारण त्यात शर्करा आणि सुगंध दोन्ही भरास आलेले असतात. बुरशी लागलेले फळ मात्र टाकून द्यावे. सफरचंदावरील काही बुरशींपासून पॅट्युलिन हे विषारी द्रव्य तयार होते आणि मऊ फळात त्याचा अंश डागाच्या पलीकडेही पसरलेला असू शकतो. फळे थोडी थोडी मिळत असतील, तर ती गोठवून साठवणे उत्तम. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे वितळल्यावर फळ हाताने दाबले तरी रस सुटतो आणि रस काढण्याच्या यंत्राचा खर्च वाचतो. फळ शिजवण्याचा मोह टाळावा, कारण उकळल्याने फळातील पेक्टिन (जॅम घट्ट करणारे द्रव्य) रसात उतरते आणि वाइन महिनोन्महिने गढूळ राहते. तयार डबाबंद रसही चालतो, पण त्यावरील घटकांची यादी आधी वाचावी. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट ही टिकाऊपणासाठीची द्रव्ये घातलेल्या रसात यीस्ट नीट वाढत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, असल्यास हरकत नाही.

वाइनच्या द्राक्षांत शर्करा सुमारे २० टक्के किंवा त्याहून अधिक असते, तर इतर बहुतेक फळांत ती ८ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणून फळांच्या वाइनमध्ये वरून साखर घालावी लागते. दर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम शर्करेपासून एक टक्का मद्यार्क मिळतो, हा हिशेब पक्का लक्षात ठेवावा. समजा पाच लिटर वाइन ११ टक्के मद्यार्काची करायची आहे. त्यासाठी एकूण ९३५ ग्रॅम शर्करा लागेल. दोन किलो फळात १० टक्के शर्करा धरली, तर २०० ग्रॅम तिथून येतात आणि उरलेली सुमारे ७३५ ग्रॅम साखर घालावी लागते. साधी पांढरी साखर पुरते, कारण यीस्ट तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन स्वतःच करते. आणखी गोड तितके आणखी कडक, असे समजून साखर ओतत गेल्यास यीस्टवर ताण येतो, किण्वन अर्ध्यावर थांबते आणि हाती गोडमिट्ट, अर्धवट पेय उरते.

किण्वनाची पहिली पायरी झाकण असलेल्या, अन्नासाठी योग्य अशा प्लास्टिकच्या बादलीत पार पाडता येते. तांबे, जस्त, ॲल्युमिनियम आणि शिसेयुक्त झिलईची मातीची भांडी वापरू नयेत. फळांतील आम्लामुळे धातू विरघळून वाइनमध्ये उतरतो. सर्व साधने आधी स्वच्छ धुऊन निर्जंतुक करावीत. त्यासाठी आणि रसातील रानटी जंतू रोखण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे स्वस्त आणि खात्रीचे द्रव्य आहे. कॅम्पडेन या नावाने मिळणारी त्याची एक गोळी सुमारे साडेचार लिटर रसाला पुरते. ती घातल्यावर चोवीस तास थांबून मगच यीस्ट घालावे. सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होऊ शकतो, हे पाजणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पावाचे यीस्ट आणि वाइनचे यीस्ट एकाच जातीचे असल्याने पावाच्या यीस्टनेही मद्यार्क तयार होतो. मात्र त्याचा गाळ सैल बसतो आणि पावासारखा वास वाइनमध्ये रेंगाळतो. वाइनच्या यीस्टची एक पुडी वीस लिटरांना पुरते, म्हणून तिच्यावर थोडे पैसे खर्च करणेच शहाणपणाचे. एका खेपेचा ताजा, निरोगी गाळ पुढच्या खेपेला विरजणासारखा वापरला, तर हा खर्चही विभागला जातो. तापमान १८ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे.

यीस्ट घातल्यावर दिवसभरात बादलीला कान लावला, तर बारीक चरचर ऐकू येते. दुसऱ्या दिवशी चोथा फुगून वर येतो आणि त्याचा जाड थर जमतो. तो दिवसातून दोनदा स्वच्छ चमच्याने खाली दाबावा, नाहीतर कोरड्या पडलेल्या पृष्ठभागावर बुरशी धरते आणि चिलटे बसतात. ही चिलटे शिरक्याचे (व्हिनेगरचे) जिवाणू आणतात. पाच ते सात दिवसांनी चोथा गाळून रस अरुंद तोंडाच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये भरावा. या टप्प्यावर हवा हाच शत्रू असतो, कारण ॲसिटोबॅक्टर जिवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने मद्यार्काचा शिरका करतात. वायू बाहेर जावा आणि हवा आत येऊ नये यासाठी पाण्याचा एअरलॉक लावतात. तो नसेल, तर सुईने एक छिद्र पाडलेला फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवला तरी काम होते. किण्वन जोरात असेपर्यंत फुगा ताठ उभा राहतो आणि मंदावले की मान टाकतो.

फुगा पडला म्हणजे किण्वन संपले, असे मात्र धरून चालू नये. खरी खात्री हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे उपकरण, देतो आणि काटकसरीच्या मांडणीतही हे एक साधन विकत घ्यावेच. सुरुवातीला सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतील घनता) १.०८० आणि शेवटी ०.९९५ भरली, तर दोहोंतील फरकाला १३१ ने गुणून सुमारे ११ टक्के मद्यार्क निघतो. काही दिवसांच्या अंतराने घेतलेली नोंद तशीच राहिली, तरच किण्वन थांबले असे म्हणता येते. शिल्लक शर्करा आणि जिवंत यीस्ट असलेली वाइन बूच लावून बंद केल्यास वायूच्या दाबाने काचेची बाटली फुटते आणि तिचे तुकडे गंभीर इजा करू शकतात.

तळाशी साका बसला की वरची वाइन वाकनळीने न ढवळता दुसऱ्या भांड्यात नितारून घ्यावी आणि भांडे काठोकाठ भरलेले ठेवावे. दोन-तीन महिन्यांत ती बहुधा आपोआप निवळते. ताज्या वाइनची चव तिखट आणि ओबडधोबड लागते, म्हणून निराश होऊन अनेक जण ती ओतून देतात. सहा महिने थांबल्यास तीच वाइन ओळखू येणार नाही इतकी मवाळ होते.

फळांतील पेक्टिनपासून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल अल्प प्रमाणात तयार होते. नुसत्या आंबवलेल्या वाइनमध्ये ते धोक्याच्या पातळीला पोहोचत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे वाइन तापवून तिच्या वाफेपासून कडक मद्य काढणे, ही मात्र वेगळी आणि आगीच्या दृष्टीने धोकादायक क्रिया असून बहुतेक देशांत ती परवान्याशिवाय गुन्हा ठरते. स्वतःपुरती वाइन करण्याविषयीचे नियमही देशोदेशी वेगळे आहेत. कुठे ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा असते, कुठे परवाना लागतो, तर कुठे पूर्ण बंदी असते. म्हणून पहिले फळ चिरण्याआधी आपल्याकडचा कायदा पाहून घ्यावा.